सतरा नंबरचा फॉर्म

आज बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या एका तांड्यावर गेले होते. मुलगी सतरा वर्षांची, आठवीत शाळा सुटलेली. आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेले की मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. धाकट्यांना सांभाळायला हीच.

पुढं शिकायचं म्हटलं तर म्हणाली, "आता त्या बारक्या पोरांत कुठं बसू, ताई?"

तिला सांगितलं, बसायचं नाहीच. १४ वर्षं पूर्ण आणि पाचवी पास असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा थेट देता येते. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार लागतं. समजा एखादा विषय राहिलाच, तरी आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापासांनाही प्रवेश मिळतो. हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, याचा मला फार राग आला.

घरातल्या मावशींचं मन मात्र तिच्या लग्नावर होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, त्या जोडीला उचल, म्हणजे आगाऊ पैसे मिळतात, म्हणून पोरींच्या लग्नाची घाई होते. १८ च्या आत लग्न हा गुन्हा आहे, हेही बोलले. पण मावशी बोलायच्या थांबल्या त्या आयटीआयमध्ये वायरमनचं काम मुलीही शिकतात हे ऐकून. "खांबावर चढायची ही?" मुलगीच म्हणाली, "चढंन की."

दाखला जुन्या शाळेतून काढायला सोमवारी तिच्यासोबत जाणार आहे. धारूर-केज भागात कुणाकडे दहावीची पुस्तकं पडून असतील, तर कृपया मेसेज करा. गणित आणि इंग्रजीची आधी हवीत.