कर कापून झाला, तरी रिटर्न भरताना घाम का फुटतो?

नोकरदाराकडून सरकारला येणारा बहुतेक कर वर्षभरातच वसूल होतो. कंपनी पगारातून टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापते, बँक मुदत ठेवीच्या व्याजातून कापते. तरी जुलै लागला की घरोघरी पासवर्ड शोधणं सुरू होतं, कारण खरं काम पैसे भरण्याचं उरलेलंच नसतं. कंपनीने, बँकेने, म्युच्युअल फंडाने तुमच्या पॅनवर सरकारला काय काय कळवलंय ते तुमच्या कागदांशी ताडून बघायचं, हे ते काम. कळवण्यात चूक कोणाचीही होवो, निस्तरायची तुम्हीच. करदात्याचा वैताग दरांपेक्षा इथेच जास्त आहे.

ताडून बघायला तीन कागद लागतात. फॉर्म १६ कंपनी देते, त्याची मुदत १५ जून. आयकराच्या पोर्टलवरच्या २६एएस या विवरणात तुमच्या नावावर जमा झालेला टीडीएस दिसतो. तिथल्याच एआयएसमध्ये (वार्षिक माहिती विवरणात) व्याज, लाभांश, शेअर-फंडांची खरेदी-विक्री असं सगळं असतं. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायला कंपन्यांना आणि बँकांना ३१ मेपर्यंत वेळ असतो. त्यामुळे उत्साहाच्या भरात एप्रिलमध्येच रिटर्न भरून टाकलं तर शेवटच्या तिमाहीचा टीडीएस २६एएसमध्ये आलेलाच नसतो. तुम्ही तो दाखवता, प्रक्रिया होताना तो सापडत नाही, आणि रिटर्न तपासून आयकर विभाग पाठवतो त्या कलम १४३(१)च्या सूचनेत तेवढीच रक्कम थकलेल्या कराची मागणी म्हणून उभी राहते. जूनच्या मध्यानंतरच बसा.

एआयएस ही उपयोगी गोष्ट आहे, पण ती वेदवाक्य नाही. संयुक्त खात्याचं व्याज सहसा पहिल्या खातेदाराच्या पॅनवर चढतं, पैसे कोणाचेही असोत. एका फंडातून दुसऱ्या फंडात स्विच केलं की ते विक्री म्हणून दिसतं. ते बरोबरच आहे, कारण कायद्याने ती विक्रीच असते. पण खात्यात एक रुपयाही न आल्यामुळे लोक तो नफा दाखवायचा विसरतात. चुकीच्या नोंदीवर पोर्टलवरच अभिप्राय देता येतो. रिटर्न भरण्याआधी तो द्यावा आणि पोचपावती ठेवावी. नोंदीकडे नुसतं दुर्लक्ष केलं तर फरकाचा खुलासा मागणारा ईमेल येतोच.

सगळ्यात महाग पडणारी गफलत नोकरी बदलल्यावर होते. समजा पहिले सहा महिने पगार लाखाचा, पुढचे सहा महिने एक लाख वीस हजारांचा. पहिल्या कंपनीने वर्षाचे १२ लाख धरले, पगारदाराला सरसकट मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट दिली, उत्पन्न १२ लाखांच्या आत राहिलं, म्हणून टीडीएस शून्य. दुसऱ्या कंपनीला आधीच्या पगाराची कल्पनाच नाही. तिच्या हिशेबात ७ लाख २० हजार, म्हणून तिथेही शून्य. प्रत्यक्षात एकूण १३ लाख २० हजार होतात आणि वजावट मिळते एकदाच, म्हणजे करपात्र १२ लाख ४५ हजार. २०२५-२६च्या नव्या प्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) त्यावर कर ४५,००० (का ते पुढे), आणि त्या करावरचा ४ टक्के सेस, म्हणजे उपकर, धरून ४६,८००. हा अग्रिम करातून (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायच्या करातून) गेला नाही म्हणून कलम २३४बी आणि २३४सीचं व्याज लागतं. जुलैत भरलं तरी ते सुमारे ४,२०० रुपये होतं. हे टाळायला नव्या कंपनीत रुजू होतानाच आधीच्या पगाराचा तपशील द्यायचा असतो. त्यासाठी १२बी हा फॉर्म होता. कोणी मागत नाही, म्हणून कोणी देत नाही.

मुदत ठेवीबद्दलही असाच घोळ आहे. १ एप्रिल २०२५पासून बँक ५०,००० पर्यंतच्या व्याजावर टीडीएस कापत नाही, ज्येष्ठांसाठी ही मर्यादा १ लाख. याचा अर्थ तेवढं व्याज करमुक्त आहे असा नाही, फक्त कापलं जात नाही. कापलं तरी १० टक्केच, आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर उरलेला कर खिशातून. पाच वर्षांच्या, व्याज शेवटी देणाऱ्या ठेवीवरही बँक दर वर्षी साचलेल्या व्याजावर टीडीएस कापते. व्याज दर वर्षी दाखवत गेलात तर सोपं. सगळं शेवटच्या वर्षी दाखवायचं ठरवलं तर मधल्या वर्षांचा टीडीएस पुढे ओढत न्यावा लागतो आणि व्याजाचा डोंगर एकाच वर्षात स्लॅबवर आदळतो.

आता नव्या प्रणालीतल्या ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ या वाक्याकडे येऊ. हे शून्य स्लॅबमुळे नाही, कलम ८७अच्या ६०,००० रुपयांच्या सवलतीमुळे आहे. १२ लाखांच्या वर गेलात की सवलत जाते आणि तिच्या जागी सीमांत दिलासा येतो: कर हा १२ लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त नसेल. ऐकायला छान. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार असेल तर कर १०,००० आणि वर सेस ४००. म्हणजे दहा हजारांच्या वाढीवर दहा हजार चारशे गेले. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हेच चालू राहतं. १२ लाखांवर ७०,००० ची पगारवाढ मिळालेल्या माणसाचा हात आधीपेक्षा २,८०० रुपयांनी रिकामा. अति श्रीमंतांच्या सर्वोच्च दराहूनही कितीतरी मोठा हा दर, आणि तो मध्यमवर्गाच्या नेमक्या एका पट्ट्यावर! या पट्ट्यात असाल तर कंपनीतर्फे एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) भरणा करून घेता येतो का ते विचारा. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंतची ही वजावट नव्या प्रणालीतही मिळते आणि उत्पन्न १२ लाखांच्या आत आणते. आणखी एक: शेअर विकून झालेला विशेष दराचा नफा या सवलतीत बसत नाही. एकूण उत्पन्न आठ लाख असलं तरी अल्पकालीन (वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या) नफ्यावर २० टक्के द्यावेच लागतात.

कर उशिरा भरलात तर दरमहा १ टक्का व्याज, महिन्याचा एक दिवस वर झाला तरी पूर्ण महिना. सरकारकडून रिफंड उशिरा आला तर दरमहा अर्धा टक्का. रिफंड ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर तेही नाही. आणि जे व्याज मिळतं ते पुढच्या वर्षी तुमचं करपात्र उत्पन्न. एकाच व्यवहाराला दोन तराजू लावण्याचं याहून स्वच्छ उदाहरण मिळणं कठीण. रिफंड अडकण्याची कारणं मात्र बहुतेक वेळा साधी असतात: बँक खातं पोर्टलवर प्रमाणित केलेलं नाही, पॅनवरचं आणि खात्यावरचं नाव जुळत नाही, पॅन आधारशी जोडलेलं नाही, किंवा जुन्या एखाद्या वर्षाची विसरलेली मागणी कलम २४५खाली त्यातून वळती केली जातेय. शेवटच्या प्रकाराची आधी सूचना येते. तिला उत्तर दिलं नाही तर मागणी मान्य आहे असंच धरतात.

कंपनीने पगारातून कर कापला पण सरकारजमा केलाच नाही, हा प्रकार सर्वांत संतापजनक. आयकर कायदा १९६१चं कलम २०५ स्पष्ट सांगतं की कापला गेलेला कर पुन्हा त्या कर्मचाऱ्याकडे मागता येत नाही. पण संगणकाला २६एएस दिसतं, कलम २०५ दिसत नाही. मागणी निघते. तेव्हा वसुलीचा धाक वाटून पैसे भरून टाकण्याआधी पगाराच्या पावत्या आणि निव्वळ पगार जमा झाल्याचं बँकेचं विवरण जोडून मागणीला लेखी असहमती नोंदवा. बंद पडायला आलेल्या कंपनीत काम करत असाल तर या पावत्या दर महिन्याला स्वतःच्या ईमेलवर घेऊन ठेवा. कंपनीचं पोर्टल बंद झाल्यावर काही मिळत नाही.

सरकार एकूण घेतं किती? स्लॅबचा तक्ता बघून हे कळत नाही. वरचा ३० टक्के दर सेससह ३१.२ होतो. हा सेस केंद्राने राज्यांशी वाटून घ्यायच्या रकमेत येत नाही. जुन्या प्रणालीत ३० टक्के आजही १० लाखांच्या पुढे लागतात, आणि तिथली अडीच लाखांची करमुक्त मर्यादा २०१४पासून हललेली नाही. महागाईने दर वर्षी गुपचूप केलेली ती करवाढच. महाराष्ट्रात व्यवसाय कराचे २,५०० वेगळे. राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदातली ही कमाल मर्यादा १९८८ सालची. नव्या प्रणालीत त्याची वजावटही नाही, म्हणजे राज्याला कर म्हणून दिलेल्या पैशावर केंद्राला कर. उरलेल्या पगारातून पेट्रोल घेतलं की त्यात उत्पादन शुल्क, आणि त्या शुल्कासकटच्या किमतीवर व्हॅट. एक बरं झालं, २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला.

घरभाडं आणि गृहकर्जाच्या व्याजामुळे जुनी प्रणाली ज्यांना परवडते त्यांनी मुदत चुकवायचीच नाही. उशिराच्या रिटर्नमध्ये पगारदाराला जुनी प्रणाली निवडता येत नाही. ५,००० चा दंड (उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००) त्यापुढे किरकोळ ठरतो. रिटर्न सादर केल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी झाली नाही तर पडताळणीचा दिवस हाच भरल्याचा दिवस धरतात, आणि वेळेत भरलेलं रिटर्न उशिराचं होऊन बसतं.

२०२६मध्ये एक नवा सापळा आहे. १ एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागू झाला. त्यात आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) जाऊन नुसतं ‘कर वर्ष’ (उत्पन्नाचंच वर्ष) आलं. पण २०२५-२६च्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्याच कायद्याखाली, आकारणी वर्ष २०२६-२७ म्हणून जातं. चालू उत्पन्नाचा अग्रिम कर नव्या कायद्याखाली, कर वर्ष २०२६-२७ म्हणून. आकडा तोच, उत्पन्न वेगळ्या वर्षांचं. चलन भरताना आधी कायदा कोणता ते वाचा, मगच वर्ष निवडा.