एरिक नावाचा वारा आणि वासिलिकीतला एक आठवडा

वासिलिकीच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, की उजव्या हाताला डोंगर दिसतात. दुपारचे जेवण उरकले, की इथल्या विंडसर्फिंग क्लबमधील, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाण्याचा खेळ शिकवणाऱ्या क्लबमधील, प्रत्येकाची नजर त्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाण्याकडे लागते. आधी तिथे पाण्याचा रंग गडद होतो, मग त्या गडद पट्ट्यावर फेसाचे पांढरे ठिपके उमटू लागतात आणि बघता बघता तो पट्टा सरकत सरकत सगळा उपसागर व्यापून टाकतो. या वाऱ्याला इथे सगळे जण ‘एरिक’ म्हणतात. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने पहिल्याच दिवशी हे नाव उचलले आणि दुसऱ्या दिवसापासून “आई, ऊठ, एरिक आलाय!” ही माझी दुपारची झोप मोडणारी हाक ठरून गेली.

वासिलिकी हे ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रातील लेफकादा बेटाच्या दक्षिण टोकाकडचे गाव. बेट असूनही इथे यायला बोटीत बसावे लागत नाही, कारण लेफकादा आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये केवळ एक अरुंद कालवा असून त्यावर तरंगता पूल आहे. विमान उतरते ते प्रेवेझाजवळच्या आक्तिओ येथे. इसवी सनापूर्वी 31 मध्ये ऑक्टेव्हियनने अँटनी आणि क्लिओपात्रा यांच्या आरमाराचा पराभव केला, ती आक्टियमची लढाई याच किनाऱ्यालगत झाली. त्या जागेवरून जाताना मी खिडकीला नाक लावून बसले होते; पण मुलीला बोर्ड कधी मिळणार याचीच घाई झाली होती, आणि खरे सांगायचे तर मलाही.

विंडसर्फिंग मी तीन वर्षांपूर्वी सुरू केले. कधी दोन दिवसांचे शिबिर, कधी एखादा शनिवार-रविवार, अशा तुकड्यातुकड्यांनी शिकत राहिले. प्रत्येक वेळी अर्धा दिवस मागचे आठवण्यात जायचा, आणि हाताला जरा वळण लागते आहे असे वाटेपर्यंत वारा पडायचा किंवा इतका वाढायचा की पाण्यात उतरणे शक्य नसे. हा खेळ शिकणे कठीण आहे ते ताकदीमुळे नव्हे. तोच वारा पुन्हा पुन्हा वाट्याला येत नाही, ही खरी अडचण आहे. क्लबमधील या सुट्टीने मला नेमके तेच दिले. सलग सात दिवस, सकाळी एक वारा आणि दुपारी दुसरा, जणू वेळापत्रक लावलेले असावे असे.

हे वेळापत्रक कसे बनते, ते समजून घेण्यासारखे आहे. खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेच्या भूगोलात शिकलो आहोत. उन्हाने जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील थंड हवा आत येते. वासिलिकीचा उपसागर दक्षिणेकडे उघडा असल्यामुळे सकाळी समुद्रावरून किनाऱ्याकडे हलका वारा वाहतो. दुपारी मात्र बेट चांगले तापलेले असते. त्या वेळी वायव्येकडून येणारा वारा डोंगर ओलांडून उतारावरून खाली उपसागरात घसरतो, आणि डोंगरांच्या ठेवणीमुळे त्याचा जोर आणखी वाढतो. सकाळचा वारा नवशिक्यांसाठी, कारण चुकले तरी तो किनाऱ्याकडेच ढकलतो. दुपारचा एरिक किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो आणि तो जाणत्यांसाठी. क्लबचा सगळा दिवस याच दोन वाऱ्यांभोवती बेतलेला होता.

पहिल्या सकाळी मला 205 लिटरचा रुंद बोर्ड आणि चार चौरस मीटरचे शीड मिळाले. लिटर म्हणजे बोर्डाचे घनफळ. ते जितके जास्त, तितका बोर्ड पाण्यावर स्थिर उभा राहतो. बोर्डाला सुकाणू नसते, ही या खेळातील मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट. डोलकाठी बोर्डाला सर्व दिशांना वळणाऱ्या सांध्याने जोडलेली असते आणि दिशा बदलायची ती शीड कलवूनच. डोलकाठी पुढे कलवली की बोर्डाचे नाक वाऱ्यापासून दूर जाते, मागे कलवली की वाऱ्याकडे वळते. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी 1964 मध्ये शिडाची फळी तयार केली, आणि पुढे जिम ड्रेक व हॉयल श्वाइट्झर यांनी कॅलिफोर्नियात या सांध्याची रचना पक्की करून 1968 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. एवढासा तो सांधा, पण डोलकाठी हातात धरणाऱ्या माणसाचे शरीरच त्यामुळे नावेचा भाग होऊन जाते.

आमच्या प्रशिक्षिकेने पहिला तास पाण्यात जाऊच दिले नाही. वाळूवर बोर्ड ठेवून तिने आम्हाला शीड उचलायला लावले आणि प्रत्येकाच्या पायांची जागा स्वतः तपासली. जाड दोरी धरून पाण्यातील शीड वर ओढताना पाठ वाकवायची नाही, गुडघे किंचित मोडून सगळे वजन मागे टाकायचे आणि शिडावरचे पाणी ओघळून जाईपर्यंत थांबायचे. मी तीन वर्षे घाई करत होते, हे तिथे मला उमगले. शीड पाण्याखाली असेपर्यंत त्यावर मणभर पाणी असते. क्षणभर थांबले की ते आपसूक ओसरते आणि शीड हलके होऊन हाती येते. ही एक सवय बदलल्यावर माझी कंबर आठवडाभर दुखली नाही.

तिसऱ्या दुपारी मी एरिकमध्ये उतरले, आणि तो निर्णय घाईचा होता. वारा 18 ते 20 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 35 किलोमीटर होता. जाताना सगळे उत्तम वाटले. परत फिरताना मात्र मी वळणावर तीनदा पडले, आणि प्रत्येक पडण्याबरोबर वारा मला डावीकडे, गावाच्या धक्क्याच्या दिशेने नेत राहिला. सरळ वाऱ्याच्या तोंडावर कोणतेच शीड चालत नाही. दोन्ही बाजूंचे सुमारे 45 अंश सोडून नागमोडी वर चढावे लागते, आणि दमलेल्या हातांना ते जमत नव्हते. मी शीड पाण्यात टाकले, बोर्डावर बसले आणि दोन्ही हात डोक्यावर एकमेकांना ओलांडून हलवले. काही मिनिटांतच सुरक्षा बोट आली. बोर्ड कधीही सोडायचा नाही, पोहत किनारा गाठण्याचा विचारही करायचा नाही, हा नियम सकाळी ऐकला होता. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. बोर्डाला धरून असलेला माणूस दुरून दिसतो, एकट्या पोहणाऱ्याचे डोके लाटांमध्ये दिसत नाही. त्या रात्री मी मुलीला तो प्रसंग न लपवता सांगितला, कारण दुसऱ्या दिवशी तिलाही त्याच पाण्यात जायचे होते.

चौथ्या दिवसापासून मी हार्नेस बांधू लागले. कमरेभोवतीच्या पट्ट्याला पुढे एक आकडा असतो, आणि बूमला, म्हणजे शीड हातांनी धरायच्या आडव्या दांड्याला, दोन्ही बाजूंनी दोरीची झोळीसारखी वळी लटकत असतात. बूम किंचित जवळ ओढली की दोरी झुलते आणि आकड्यात अडकवता येते, मग शिडाची सगळी ओढ हातांऐवजी कमरेवर येते. सांगायला सोपे आहे, परंतु पहिल्यांदा अडकवताना फार भीती वाटते, कारण वाऱ्याचा झोत आला तर शिडाबरोबर आपणही फेकले जातो. उपाय असा, की झोत आला की मागे बसायचे, जणू खुर्चीत. हे अंगात मुरायला मला पूर्ण दोन दुपारी लागल्या.

सहाव्या दिवशी 135 लिटरच्या बोर्डावर ते घडले. आधी पायाखाली लाटांचे थपथप आवाज येत होते, बोर्ड पाणी कापत जड चालला होता. एक झोत आला, मी मागे बसले, पुढचा पाय बोर्डावरच्या पट्ट्यात सरकवला आणि तो थपथपाट एकदम थांबला. त्याच्या जागी कोरडा, खडखडाटासारखा आवाज सुरू झाला, कारण बोर्ड पाण्यात राहिलाच नव्हता, तो पाण्यावरून घसरत होता. हातांत ओढ असायला हवी तेवढी नव्हती. वेग वाढला की शीड हलके लागते, हे मी ऐकले होते. ते सगळे फार तर वीस सेकंद टिकले असेल. किनाऱ्याजवळ आले तेव्हा माझे हात थरथरत होते आणि तळव्यांवरच्या घट्ट्यांपैकी एक फुटला होता. लेक गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होती.

त्या संध्याकाळी प्रशिक्षकांशी गप्पा निघाल्या, त्यात निकोलाओस काकलामानाकिस यांचे नाव आले. या ग्रीक खेळाडूने 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये विंडसर्फिंगचे सुवर्णपदक आणि 2004 मध्ये अथेन्सला रौप्यपदक मिळवले. अथेन्सच्या उद्घाटन सोहळ्यात ज्योत प्रज्वलित करण्याचा मानही त्यांनाच मिळाला. विंडसर्फिंग ऑलिम्पिकमध्ये 1984 साली आले आणि 2024 च्या पॅरिस स्पर्धेपासून तिथे बोर्डाखाली पंखासारखे फॉइल लावून पाण्याच्या वर तरंगत शर्यत होते. आमच्या क्लबमध्येही दोघे जण फॉइलवर जात. त्यांचा बोर्ड पाण्याला न शिवता निःशब्द सरकत जाताना दिसे, आणि मी माझे शीड गुंडाळायचे सोडून पाहत राही.

एक काम या आठवड्यात झाले नाही, ते म्हणजे वॉटरस्टार्ट. खोल पाण्यात पडल्यावर दोरीने शीड न ओढता, वाऱ्याच्याच जोरावर शिडासकट पाण्याबाहेर उठून उभे राहायचे, ही ती युक्ती. डोलकाठी वाऱ्याच्या दिशेला आणून शीड वर उचलेपर्यंत मला जमते, पण शिडाचे मागचे टोक पाण्यात अडकते आणि वारा आत शिरायच्या आधीच ते पुन्हा आडवे होते. प्रशिक्षिकेने शेवटच्या दिवशी बूमवरचा माझा मागचा हात धरून एका वितीएवढा पुढे सरकवला. त्यानंतर एकदा, फक्त एकदा, मी अर्धी वर आले. पुढच्या जूनचा तोच आठवडा आम्ही निघण्यापूर्वीच नोंदवून ठेवला आहे.