कोएन्जीचं तिकीट आणि माझं आडनाव

टोकियोत छोट्या बँडचा कार्यक्रम बघायचा असेल, तर तिकिटाच्या वेबसाइटच्या वाटेला जाऊ नका. मी गेले. दोन आठवडे गेले. त्यातून माझं आडनाव क्षीरसागर.

मी राहते निशि-कासाईत. मिताकाला जाणारी तोझाई लाइनची गाडी मिळाली की कुठेही न बदलता थेट कोएन्जी. जुन्या कपड्यांची दुकानं, स्वस्त खानावळी आणि तळघरांतली लाइव्ह हाउस, म्हणजे बँड वाजवायच्या छोट्या जागा, यांचा हा भाग, पंक संगीतवाल्यांचं जुनं माहेर. ‘वीस हजार व्होल्ट’ अशा अर्थाच्या नावाचं इथलं एक लाइव्ह हाउस २००९ मध्ये आगीत गेलं, तर मंडळींनी त्याच अर्थाचं नाव कांजीत, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांत, लिहून शेजारच्या हिगाशी-कोएन्जीत परत दुकान मांडलं. अशा चिवट लोकांच्या गावात चार बँड एका संध्याकाळी वाजवणार होते. तिकीट आगाऊ काढलं तर २,५०० येन, दारात ३,०००. पाचशे येन वाचवायला मी फॉर्म उघडला.

आडनाव आणि नाव, दोन रकाने. दोन्ही काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, तेही ‘झेन्काकु’, म्हणजे पूर्ण रुंदीच्या अक्षरांत. जपानीत ‘क्ष’ नाही. कंपनीच्या ओळखपत्रावर मी ‘कुशिरुसागारु’ आहे, बँकेत ‘कुशीरुसागारु’. कार्ड बँकेचं, म्हणून बँकेचं नाव घेतलं. त्यातली ‘शी’ दीर्घ करायला काताकानात एक आडवी रेघ द्यावी लागते. ती दिली. लाल अक्षरं आली: नाव पूर्ण रुंदीच्या काताकानात भरा.

अगं बाई, भरलंय की!

पुन्हा भरलं. पुन्हा लाल. दर वेळी पासवर्ड आणि जन्मतारीख पुसली जायची, आणि जरा विचार करत बसलं की ‘वेळ संपली’ म्हणून पहिल्या पानावर हाकलायचे. दोन शब्दांमधली मोकळी जागा काढून पाहिली. वडिलांचं नाव गाळून पाहिलं, मनातल्या मनात त्यांची माफी मागून. सहाव्या का सातव्या खेपेला वैतागून स्क्रीन मोठी केली, तेव्हा दिसलं की माझी रेघ वजाबाकीची होती. काताकानाची रेघ वेगळी. दिसायला सख्ख्या बहिणी, पण संगणकाला एक चालते, दुसरी चालत नाही. ‘तुमची रेघ चुकली’ एवढं लिहायला यांचं काय जात होतं?

रेघ सुधारली, फॉर्म पुढे सरकला, आणि फोन नंबरवर अडला. माझं सिम स्वस्तातलं, फक्त डेटाचं. बोलायला ०५० ने सुरू होणारा इंटरनेटवरचा नंबर. यांना ०७०, ०८० किंवा ०९० च हवा. चौकशी करायला गेले, तर चौकशीचा फॉर्म सभासदांसाठीच. सभासद होता येत नाही म्हणून तर चौकशी करायची होती ना! हेल्पलाइन शनिवार-रविवार बंद. सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत अकरा मिनिटं संगीत ऐकलं. ज्यासाठी तडफडत होते ते नव्हे, पियानोचं गुळमुळीत.

हे सगळं ऑफिसात शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने ऐकलं. शांतपणे म्हणाला, “क्षीरसागरसान, तोरिओकि का नाही करत?” तोरिओकि म्हणजे बाजूला काढून ठेवणं. बँडला सरळ निरोप टाकायचा: तारीख, नाव, किती जण. पैसे दारात, आगाऊच्या दराने. मी रात्री तीन ओळींची मेल टाकली, चाळीस मिनिटांत ड्रमरचं उत्तर आलं: ठेवलंय, नक्की या. दोन आठवडे गेले ते गेलेच.

आठवेल तसं सांगते. पेयाचे ६०० येन वेगळे घेतात, ते टाळता येत नाहीत. रोख न्या. सातची वेळ म्हणजे सातच, तिसरी घंटा वगैरे नाही. कानात घालायला बोळे न्या, तळघराचं छत डोक्याला लागेल इतकं खाली असतं आणि आवाज कुठे जाणार? प्रत्येक बँडला अर्धा तास. मधल्या वेळात गिटारवाली स्वतःच गुडघ्यांवर बसून वायर कोपराभोवती गुंडाळत होती, आणि पाच मिनिटांपूर्वी हिच्याच किंचाळण्याने माझ्या छातीत धडधडत होतं. गाणं संपलं की लोक एकदम गप्प. पहिल्यांदा वाटलं आवडलं नाही बहुतेक. तसं नसतं, पुढच्या गाण्याची वाट बघतात. शेवटी टेबलावर सीडी विकायला बँडवालेच उभे असतात, तिथे दोन शब्द बोला. शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा.

दारातलं सांगायचं राहिलंच. काउंटरवरची मुलगी विचारते, आज कोणाला बघायला आलात? मी भाबडेपणाने म्हटलं, सगळ्यांना. ती घुटमळली. भानगड अशी की अनेक लाइव्ह हाउसमध्ये बँडला ‘नोरुमा’ असतो, म्हणजे इतकी तिकिटं खपवायचीच. कमी पडली तर पैसे बँडच्या खिशातून. ‘सगळ्यांना’ म्हटलं की तुमचं तिकीट कोणाच्याच खात्यावर चढत नाही. तोरिओकि नसली तरी एक नाव घ्याच.

मी माझ्या ड्रमरच्या बँडचं नाव घेतलं. तिने कागद वळवला. यादीत मी नुसती ‘सागारु’ होते. पुढचं अर्धं आडनाव कुठे गेलं देव जाणे. “हाय, सागारुसामा,” म्हणाली (जपानीत ‘हाय’ म्हणजे हो) आणि पेन उचललं. तिथे पाच रेघांचं एक कांजी अक्षर काढत काढत माणसं मोजतात, आणि त्यातली पहिली रेघ आडवी असते. या बँडपुढे अजून काहीच नव्हतं. तिने माझी रेघ ओढली. पूर्ण रुंदीची की अर्ध्या, कोणी विचारलं नाही.