पडदा धुण्याचा रविवार

आमच्या घरी दर वर्षी ५ नोव्हेंबरला नारळ फुटायचा. देवापुढे नव्हे, माळ्यावरून उतरवलेल्या मांजरपाटाच्या घडीपुढे. फोडायची आत्या. १८४३ साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, म्हणून हा रंगभूमी दिन. सांगलीत वाढलेल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आत्याला मात्र भाव्यांचं प्रेम वेगळ्याच कारणासाठी होतं. ते लाकडाच्या बाहुल्या करायचे, हे तिला कुठूनसं कळलं होतं. “आधी हातानं करणारा माणूस, मग नाटकवाला,” असं म्हणत ती खोबऱ्याचा पहिला तुकडा घडीवर ठेवायची आणि दुसरा माझ्या हातावर. त्या दिवसापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत आमची गच्ची तिची.

आत्या शाळेत नोकरीला नव्हती. आम्ही भाचरं तिथे शिकत होतो, एवढाच संबंध. एका वर्षी पडदा रंगवायला कुणी मिळेना म्हणून तिला बोलावलं, आणि तिने ते काम पुन्हा कधी सोडलंच नाही. पैसे घेतले नाहीत, पाहुण्यांच्या हातून श्रीफळही घेतलं नाही. आम्ही आत्या म्हणायचो म्हणून सगळी शाळा तिला आत्या म्हणू लागली. शिपाईमामा म्हणायचे, पुढे पुढे मुख्याध्यापकसुद्धा.

पडदा म्हणजे तीन फूट पन्ह्याच्या मांजरपाटाचे चार पट्टे आडवे जोडलेले, १८ फूट लांब, १२ फूट उंच, वर आणि खाली बांबू. मोजायला तिच्याकडे टेप नव्हती. पदराला फुटाफुटावर गाठी मारून ठेवलेल्या होत्या, त्यानेच ती मोजायची. तोच पदर रंग पारखायलाही. नोव्हेंबरात नेसलेलं पांढरं लुगडं डिसेंबरअखेरपर्यंत इतक्या रंगांचं झालेलं असायचं की वर्षभराचा हिशोब त्यावर वाचता यावा, आणि गॅदरिंगला ती तेच नेसून यायची. आई दर वर्षी नवी साडी काढून ठेवायची. दर वर्षी ती साडी तशीच कपाटात परत जायची.

रंग घरचेच. पिवडी, गेरू, काव, खडूची पूड, नीळ आणि दिव्याची काजळी. ते कापडाला धरून ठेवायला सरस. सरसाचे खडे रात्रभर भिजत घालायचे आणि सकाळी पातेल्यात पातेलं ठेवून मंद आचेवर विरघळवायचे. तो वास ज्याने घेतला आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. आजीने त्यासाठी परसात वेगळी चूल घालून दिली होती. सरस जास्त झाला तर पडद्याची घडी घालताना रंगाचे पोपडे सुटतात, कमी झाला तर नटांच्या पाठीला राजवाडा लागून येतो. आत्या अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटवून सोडायची, किती जोर लागतो ते बघायची, आणि मान हलवायची. हे माप तिने मला कितीदा तरी शिकवलं. माझ्या बोटांना ते आलं नाही.

“ओला रंग खोटं बोलतो,” हे तिचं नेहमीचं. भुकटीचा रंग वाळला की फिका पडतो, म्हणून आधी कागदावर फटकारा मारून तो चुलीपाशी वाळवायचा आणि मगच पडद्याला हात लावायचा. शिवाय ती रंगवायची रात्री. गच्चीवर तारेला साठचा बल्ब टांगून, पायाखाली पडदा अंथरून, केरसुणीने आणि चुना मारायच्या कुंच्याने. शेजारीपाजारी हसायचे, पण तिचं बरोबर होतं. गॅदरिंग रात्री, पिवळ्या दिव्यांत. दिवसा सुंदर दिसणारा निळा त्या उजेडात मरतो. ज्या उजेडात बघायचं त्याच उजेडात करायचं, यात तिच्या लेखी विक्षिप्त काहीच नव्हतं.

१९८६ साली मी सातवीत होते. आमच्या वर्गाने प्रल्हादाचं नाटक घेतलं आणि मी खांबात होते. बांबूच्या कामट्यांवर कागद चिकटवलेला पोकळ खांब, तो आतून धरून उभं राहायचं आणि वेळ आली की मधोमध उघडायचा. माझ्या मागे नरसिंह, त्याच्या हातात वाटी. वाटीत काय आहे हे आत्याने आम्हा दोघांशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं, हिरण्यकशिपूलासुद्धा नाही. सांगली हळदीचं गाव. हरिपूरला जमिनीत पेवं काढून हळद साठवायचे, तिथल्या ओळखीच्या माणसाकडून आणलेल्या हळदीत तिने हिरण्यकशिपूचं उपरणं तीनदा रंगवून वाळवलं होतं. वाटीत होती चुन्याची निवळी, पाण्यासारखी स्वच्छ.

खांब उघडला. नरसिंहाने निवळीत बोटं बुडवली आणि मांडीवर घेतलेल्या हिरण्यकशिपूच्या पोटावरून ओढली. जिथे बोट फिरलं तिथे पिवळं उपरणं लाल होत गेलं. आधी एक रेघ, मग पाच, मग सगळ्या एकमेकींत मिसळल्या. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे समोर बसलेल्या प्रत्येक बाईला स्वयंपाकघरातून ठाऊक होतं. तरीही अख्ख्या मांडवाचा श्वास अडकलेला मी खांबाच्या फटीतून ऐकला. हिरण्यकशिपू झालेला मुलगा स्वतःच्या पोटाकडे बघून खरोखरच ओरडला. तशी किंकाळी तालमीत त्याला एकदाही जमली नव्हती.

पुढच्या रांगेतली बालवाडीची मुलं रडायला लागली. पडदा पडला तशी आत्या विंगेतून धावत बाहेर आली. एरवी ती कधीच समोर यायची नाही. ती थेट त्या मुलांमध्ये जाऊन बसली, उपरणं मांडीवर पसरलं आणि कनवटीचं लिंबू काढून त्यावर पिळलं. लाल विरत गेलं, पिवळं परत आलं. “बघ, बरा झाला तो,” ती एकेकाला सांगत होती. मग प्रत्येकाच्या हातात लिंबाची फोड देऊन तिने त्यांच्याकडून ते सगळं उपरणं बरं करवून घेतलं. स्टेजवर फिशपॉन्ड सुरू झाले होते. तिकडे या मुलांपैकी एकाचंही लक्ष नव्हतं.

मला मात्र गॅदरिंगपेक्षा त्यानंतरचा रविवार जास्त आठवतो. पडद्याची गुंडाळी हातगाडीवर घालायची आणि आम्ही सात-आठ जणांनी ती ढकलत कृष्णेच्या सरकारी घाटावर न्यायची. पायरीवर भडंगाची पिशवी. बांबू सोडायचे आणि पडदा पाण्यात उतरवायचा. सरसाचा रंग पाण्याला टिकत नाही. महिनाभर रात्री जागून केलेला राजवाडा पाच मिनिटांत सैल व्हायचा. आधी खांबांची पिवडी जायची, मग गेरूच्या भिंती. पहिल्या वर्षी मी हट्टाने एक कोपरा मुठीत धरून ठेवला होता. त्यावर मोर होता. आत्या रागावली नाही. माझ्याशेजारी पाण्यात बसली आणि म्हणाली, “पुढच्या साली अरण्य करायचंय बाळ. मोर धरून ठेवलास तर मी झाडं कुठं लावू?” मी मूठ सोडली.

नीळ तेवढी पूर्ण जायची नाही. ती सुतात थोडी मुरायची, दर वर्षी थोडी अधिक. होता होता तो पांढरा मांजरपाट फिक्या आभाळाच्या रंगाचा झाला आणि आत्याचं एक काम वाचलं. नारळ फुटला की आभाळ तयारच असायचं, तिने फक्त खालची जमीन आणि माणसांची घरं काढायची.

मधल्या एका वर्षी शाळेने भाड्याचा पडदा आणला, छापील आणि चकचकीत. त्या वर्षीही तिने ५ नोव्हेंबरला नारळ फोडला, गच्चीवर पडदा रंगवला, एक रात्र तिथेच बांबूला टांगून ठेवला आणि रविवारी धुऊन आणला. पुढच्या वर्षी शाळेने परत बोलावलं. झाल्या गोष्टीबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही.

२०१८ च्या डिसेंबरात तिने शेवटचा पडदा केला, खुर्चीत बसून, काठीला कुंचा बांधून. नदीकाठचं गाव होतं, घाट होता, वर पक्ष्यांची एक रांग. गॅदरिंग झालं आणि दोनच दिवसांनी ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. पडदा न धुताच घडी घालून तिच्या ट्रंकेत गेला. “रविवार राहिला गं,” असं ती अंथरुणावरून दोन-तीनदा म्हणाली. चैत्रात ती गेली.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या आमच्या घरात तळमजला बुडाला, आणि तिची खोली तळमजल्यावरच. पाणी उतरल्यावर मी आणि धाकटा भाऊ चिखल उपसत त्या खोलीत शिरलो. ट्रंक उलटी पडली होती. पडद्याची घडी गाळाने इतकी जड झाली होती की दोघांना मिळून उचलवेना. ओढत गच्चीवर नेली, कठड्यावर पसरली आणि बादल्यांनी पाणी मारत राहिलो. गाव, घाट, पक्ष्यांची रांग, काहीच उरलं नव्हतं. गाळ मात्र कितीतरी वेळ निघत होता. संध्याकाळी पाणी स्वच्छ उतरायला लागलं तेव्हा भावाने हातातली बादली खाली ठेवली.

कठड्यावर १८ फूट फिकं आभाळ वाळत होतं.