बायोप्सीचा ब्लॉक सोबत घेतला का?

निपाणी परिसरात तंबाखूचे पीक आणि विडीचा धंदा पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. त्यामुळे फुप्फुसाचा कर्करोग म्हटले की आमच्या सीमाभागात पहिला प्रश्न ‘ओढत होते का?’ हाच असतो. खानापूर तालुक्यातल्या माझ्या आत्याबद्दलही भेटायला येणारा प्रत्येक जण तेच विचारत होता. तिने कधी विडीला हात लावला नव्हता, मिश्रीही लावली नव्हती. चुलीचा धूर मात्र जन्मभर घेतला होता. खोकला आणि उतरत चाललेले वजन पाहून एका ठिकाणी तिला क्षयाची औषधे सुरू करण्यात आली. थुंकीत जंतू सापडले नसतानाही ती महिनोन्महिने चालू राहिली, आणि बेळगावात सीटी स्कॅन करून सुईने तुकडा काढेपर्यंत आजार दुसऱ्या फुप्फुसात पोहोचला होता. निदान झाले अ‍ॅडिनोकार्सिनोमाचे, म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकाराचे. त्यानंतर भेटलेल्या कर्करोगतज्ज्ञांनी विडीपेक्षा वेगळी गोष्ट विचारली: या गाठीची जनुकीय तपासणी झाली आहे का?

हा प्रश्न, आणि त्या तपासणीसाठी लागणारा बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा म्हणजे ब्लॉक, किती मोलाचे आहेत, हे आपल्याकडच्या प्रत्येक रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचावे म्हणून मी हे लिहीत आहे.

पेशीला वाढण्याचा निरोप देणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे ईजीएफआर. त्याच्या जनुकात ठरावीक ठिकाणी बदल झाला, की निरोप आलेला नसतानाही ते प्रथिन सतत कार्यरत राहते आणि पेशी वाढतच जातात. हा बदल असलेल्या गाठींवर जेफिटिनिबसारखी गोळी विशेष परिणाम करते, हे 2004 मध्ये लक्षात आले. पूर्व आशियातील रुग्णांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयपास’ या अभ्यासाने तर या तपासणीची गरज आकड्यांनीच दाखवून दिली. ज्यांच्या गाठीत बदल होता, त्यांच्यापैकी सुमारे 71 टक्के रुग्णांची गाठ गोळीने लक्षणीय आकसली, केमोने 47 टक्क्यांची. ज्यांच्या गाठीत तो बदल नव्हता, त्यांच्यात मात्र गोळीचा असा परिणाम जेमतेम 1 टक्का रुग्णांना झाला आणि केमोचा 23 टक्क्यांहून अधिक रुग्णांना. म्हणजे ‘गोळी सोपी आहे, आधी घेऊन पाहू’ हा विचार तपासणीशिवाय घातक ठरू शकतो. या अभ्यासातले बहुतेक रुग्ण कधीच धूम्रपान न केलेले होते, तरीही सवयीवरून अंदाज बांधणे पुरेसे ठरले नाही. उलट विडी ओढणाऱ्यांच्या गाठीतही हे बदल सापडतात, त्यामुळे निपाणीच्या विडी ओढणाऱ्या रुग्णालाही ही तपासणी तितकीच लागू आहे.

ईजीएफआर हा एकटाच बदल नव्हे. एएलके जनुकाची दुसऱ्या जनुकाशी झालेली जोडणी जपानमधील संशोधकांनी 2007 मध्ये शोधून काढली आणि 2011 मध्ये अमेरिकेत तिच्यावरील औषधाला मान्यता मिळाली. आरओएस1, बीआरएएफ, आरईटी, एमईटी अशी यादी पुढे वाढतच गेली. म्हणूनच एकेक जनुक स्वतंत्र तपासण्याऐवजी सगळी एकत्र वाचणारी एनजीएस तपासणी शक्य असेल तिथे सुचवली जाते.

आता मूळ मुद्दा तुकड्याचा. बायोप्सीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून नंतर मेणात बसवतात, तोच ब्लॉक. त्याच्या पातळ चकत्या कापून काचेवर घेतात आणि निदान करतात. सुईने काढलेला तुकडा मुळात बारीक असतो, आणि निदानासाठी एकामागून एक रंगद्रव्यांच्या तपासण्या केल्या की जनुकीय तपासणीसाठी काही उरतच नाही. बायोप्सीच्या आधीच ‘पुढे जनुकीय तपासणी करायची आहे’ हे डॉक्टरांशी बोलून ठेवले, तर शक्य असल्यास तुकडे जास्त घेता येतात आणि जपून वापरता येतात. हाडातून तुकडा घेतला असेल, तर हाड मऊ करण्यासाठी वापरलेल्या तीव्र आम्लाने डीएनए खराब होतो, हेही आधी सांगितलेले बरे.

आपल्याकडचे रुग्ण दुसऱ्या मतासाठी कोल्हापूर, मिरज, पुणे किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. पिशवीत फिल्म, सीडी, रिपोर्टची फाईल असे सगळे असते. ब्लॉक मात्र बेळगावातच राहिलेला असतो. मग कुणाला तरी परत पाठवावे लागते, किंवा आधीच दमलेल्या रुग्णाची पुन्हा बायोप्सी करावी लागते. निघण्यापूर्वी पॅथॉलॉजी विभागात लेखी अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्यात, आणि भर उन्हाळ्यात ब्लॉक तापलेल्या गाडीत ठेवू नये.

अहवाल यायला वेळ लागतो आणि तो काळ घरच्यांना असह्य होतो. रुग्णाची प्रकृती फारच ढासळत असेल, तर डॉक्टर तेवढ्यात केमो सुरू करतात. इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणाऱ्या उपचाराची घाई मात्र तज्ज्ञ सहसा टाळतात, कारण ती आधी दिली आणि पाठोपाठ ओसिमर्टिनिब (ईजीएफआरवरची नवी गोळी) सुरू केले, तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो.

अहवालात जनुकीय बदल सापडला असे ऐकताच आत्याने पहिल्यांदा विचारले ते मुलीच्या सोयरिकीचे. तिची ती भीती पाहून मला फार वाईट वाटले. गाठीतला हा बदल बहुतांश वेळा केवळ त्या गाठीच्या पेशींत, आयुष्यात मागाहून झालेला असतो; तो आईकडून लेकीकडे जात नाही. डॉक्टरांनी हे तिला मराठीत, शांतपणे समजावून सांगितले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तिच्या गाठीत ईजीएफआरचा बदल निघाला. जेफिटिनिब भारतात अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे ते तुलनेने स्वस्त मिळते. ओसिमर्टिनिब महाग आहे. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात त्यावरील सीमाशुल्क माफ झाले, तरी सामान्य घराला ते जडच जाते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लॉरा’ अभ्यासात मात्र ओसिमर्टिनिबने आजार सरासरी 18.9 महिने आटोक्यात ठेवला, जुन्या गोळ्यांनी 10.2 महिने. सरकारी आरोग्य कार्डावर तपासणी बसते का, औषध बसते का, हे दोन प्रश्न म्हणूनच वेगवेगळे विचारावेत.

या गोळ्या आजार मुळापासून काढत नाहीत. काही काळाने गाठ वाट शोधते, आणि तेव्हा पुन्हा तपासणी लागते. जेफिटिनिबनंतर सुमारे निम्म्या रुग्णांत टी790एम हा नवा बदल आढळतो आणि तो अनेकदा रक्ताच्या नमुन्यातही सापडतो. रक्तात काही दिसले नाही, म्हणून बदल नाहीच असे मात्र ठरत नाही. शिवाय काही गाठी लहान पेशींच्या कर्करोगात रूपांतरित होतात, ज्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. त्याचे निदान करायचे तर गाठीचा तुकडाच पुन्हा घ्यावा लागतो.