यादी मंजूर, परवाना नाही : घरकुलांच्या फायलींचा माझा अनुभव

पंतप्रधान आवास योजनेच्या (शहरी) घटक क्रमांक ४ मध्ये, म्हणजे स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांसाठी, एका नगरपरिषदेच्या लाभार्थ्यांचे नकाशे करायचं काम मी घेतलं होतं. अर्ज, पडताळणी, डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल), राज्याची मंजुरी, केंद्राची मंजुरी हे सगळं ज्या गतीनं होतं त्या गतीनं झालं, त्यावर लिहावं असं काही नाही. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख. यादी लागली, मंजुरीपत्रं समारंभानं वाटली गेली, फोटो निघाले. मग बांधकाम परवान्यासाठी फायली नगररचना विभागात गेल्या आणि तिथेच बसल्या.

कारण सोपं होतं आणि म्हणूनच अजून संताप होतो. यादी आवास कक्षानं केली. त्यांनी काय पाहिलं? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे का, देशात कुठे पक्कं घर आहे का, जागेचा कागद जोडलाय का. तो कागद नेमका कसला, ती जागा शहराच्या विकास योजनेच्या नकाशात (कुठे रस्ता, कुठे रहिवास हे ठरवणाऱ्या) कुठे पडते, हे बघायला नगररचनाकडे यादी गेलीच नव्हती. दोन्ही विभाग एकाच इमारतीत, मध्ये एक जिना. पण पहिली गाठ पडली ती केंद्राची मंजुरी आल्यावर, आणि तीसुद्धा शेऱ्यांमधून. ‘सामाईक सातबारा, पोटहिस्सा नाही’, म्हणजे वेगळा मोजून नोंदवलेला वाटा नाही. ‘पोहोच रस्ता दिसत नाही.’ ‘विकास योजना रस्त्याने बाधित.’ ‘रहिवास विभागाबाहेर.’ फाईल वर जायची, आवास कक्ष ती ‘पूर्तता करावी’ म्हणून माझ्याकडे ढकलायचा. मी काय पूर्तता करणार? मी वास्तुविशारद, तहसीलदार नव्हे.

सगळ्यात मोठा गठ्ठा गुंठेवारीचा होता. शेतजमिनीचे गुंठा-गुंठा तुकडे पाडून विकलेले, तुकडेबंदीमुळे (इतक्या लहान तुकड्यांच्या विक्रीला कायद्यानं असलेल्या बंदीमुळे) खरेदीखत नोंदवता न आलेलं, म्हणून स्टॅम्पपेपरवर नोटरी. सातबाऱ्यावर एकतर मूळ मालक, नाहीतर पंचवीस जणांची नावं एकाखाली एक. माणसं वर्षानुवर्षं तिथे राहताहेत, घरपट्टी भरताहेत. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी अशी त्यांची प्रामाणिक समजूत, आणि यादी करणाऱ्यांनी ती पावती निमूट जोडून घेतली. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा आहे. आधी तो १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांपुरता होता, २०२१ च्या दुरुस्तीनं मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. म्हणजे वाट होती. पण त्या वाटेवर मोजणी आहे, विकास शुल्क आहे, प्रशमन शुल्क, म्हणजे नियमभंग मिटवायचा आकार, आहे. अडीच लाखांच्या अनुदानासाठी आधी खिशातून एवढे पैसे काढा, हे मोलकरणीचं काम करणाऱ्या बाईला कोण सांगणार? मीच सांगत होते, कारण समोर मी दिसत होते.

काहींनी मंजुरीपत्राच्या भरवशावर जुनं घर पाडलंही होतं. त्यांना भाडं सुरू झालं, आणि परवाना नाही म्हणून पहिला हप्ता नाही. (पाडायच्या आधी जुन्या घराचं जिओ-टॅगिंग (ठिकाणाच्या नोंदीसह फोटो) झालंय का ते बघा. ते राहिलं की पुढे भलताच घोळ होतो.)

या काळात मला जो तो ऐकवायचा, ‘दीडशे चौरस मीटरपर्यंत आता परवानगी लागतच नाही ना?’ २०२० च्या एकत्रीकृत विकास नियमावलीत, म्हणजे युडीसीपीआरमध्ये, छोट्या भूखंडांना सवलत आहे हे खरं. पण ती छाननीची सवलत आहे. मालकी आणि झोन स्वच्छ असेल तर काम झटपट होतं. नसेल तर त्या सवलतीचा काडीचा उपयोग नाही.

मी दोन्ही विभागांची एकत्र बैठक मागत राहिले. उत्तरादाखल ‘समन्वय ठेवावा’ असं पत्र आलं, मलाच. कोंडी फोडली ती शेवटी नगररचनाकारांनीच. त्यांच्याकडे दुसऱ्या गावांचाही कार्यभार, ठरावीक वारीच ते सापडायचे. एकदा वैतागून म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही एकेक प्लॉट आणता, मी एकेक प्लॉट नाकारतो. अख्खी यादी आणा, गट नंबरवार.’

आवास कक्षाच्या अभियंत्याला बसवलं, विकास योजनेचा नकाशा टेबलावर पसरला आणि यादीतलं एकेक नाव त्यावर खुणेनं मांडलं. दुपारपर्यंत जे दिसलं ते त्याआधीच्या सगळ्या पत्रव्यवहारात कुणालाही दिसलं नव्हतं: अडलेल्यांपैकी बहुतेक नावं मोजक्याच गटांमध्ये होती. म्हणजे प्रत्येकानं वेगळी मोजणी, वेगळा प्रस्ताव करायची गरजच नव्हती. अख्ख्या अभिन्यासाची (लेआउटची) एक मोजणी, एक प्रस्ताव, खर्च वाटून. रस्त्यानं बाधित म्हणून परत आलेल्या काही भूखंडांचा फक्त कोपरा जात होता. उरलेल्या जागेत ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचं घर बसत होतं, सामासिक अंतरं, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, सोडून. तिथे मात्र मी भराभर रेघा मारल्या. नेहमीच्या रुंदीच्या भूखंडांसाठी नमुना नकाशे त्यांनी आधीच तपासून दिले, त्यामुळे पुढच्या फायलींत नुसता स्थळदर्शक नकाशा बदलायचा.

ज्यांची जागा खरोखर सार्वजनिक कामासाठीच्या आरक्षणात होती त्यांना तिथेच स्पष्ट सांगितलं. त्यांची नावं घटक ४ मधून काढून घटक ३ कडे, भागीदारीतल्या इमारतींकडे, सुचवली. त्यासाठी सुधारित डीपीआर लागतो. काहींनी फ्लॅट नको म्हणून अर्जच मागे घेतला. मला ते पटलं नाही, पण जागा त्यांची.

आता योजनेचा दुसरा टप्पा, २.०, सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे आणि स्वतःच्या जागेवर घर हा घटक त्यातही आहे. कुणी नव्यानं यादी करत असेल तर डीपीआरच्या आधी ती नगररचनाच्या टेबलावर ठेवा. लाभार्थी असाल तर अर्जाबरोबरच झोन दाखला (जागा कोणत्या विभागात येते त्याचा) आणि भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशातला तेवढा तुकडा) काढून घ्या, कुणी मागितला नसला तरी. वारस नोंद राहिली असेल तर तिचा अर्ज आजच तलाठ्याकडे टाका. वडिलांच्या नावावरच्या जागेसाठी मुलाच्या नावानं परवाना निघत नाही. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, हे सगळे सांगतातच.

आणि स्लॅब पडला की काम संपलं असं समजू नका. पूर्णत्वाच्या दाखल्याचा अर्ज मीच मागे लागून भरून घेते, नाहीतर शेवटचा हप्ता लटकतो. आमच्या यादीतले काही अजून तिथेच आहेत.