आधी बाण, मग आकडे

बारावीच्या मुलांना स्थिरविद्युतशास्त्राची उदाहरणे शिकवताना एक गोष्ट मला दर वर्षी जाणवते, ती अशी की दोन प्रभारांमधील बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते हे सांगणारा कूलोमचा नियम बहुतेकांना तोंडपाठ असतो आणि तरीही उत्तर चुकते ते दिशेपाशी. ऋण प्रभाराची किंमत वजा चिन्हासकट सूत्रात भरली जाते, बलाचे उत्तर वजा येते, आणि त्या वजाचा अर्थ डावीकडे, खाली की आकर्षण, हे विचारले की वर्ग गप्प होतो. म्हणून माझा आग्रह असतो की सूत्रात प्रभाराचे केवळ परिमाण, म्हणजे चिन्हाविना किंमत, भरावे, दिशा आकृतीतल्या बाणाने ठरवावी, आणि सगळे बाण काढून होईपर्यंत लॉगटेबल उघडूच नये.

हा आग्रह किती उपयोगी पडतो हे पुढच्या उदाहरणात चांगले दिसते. एका रेषेवर ३० सेंटिमीटर अंतरावर दोन प्रभार आहेत, डावीकडे +४ मायक्रोकूलोम आणि उजवीकडे −१ मायक्रोकूलोम. त्यांचे एकत्रित विद्युतक्षेत्र, म्हणजे एकक धन प्रभारावर पडणारे बल, कोठे शून्य होईल? बरेच विद्यार्थी हा बिंदू दोघांच्या मध्ये शोधू लागतात, कारण दोन्ही प्रभार सजातीय असताना तो मध्येच सापडतो आणि हाताला तीच सवय लागलेली असते. येथे मात्र मधल्या कोणत्याही बिंदूवर छोटा धन प्रभार ठेवल्याची कल्पना केली, तर डावीकडचा त्याला उजवीकडे ढकलतो आणि उजवीकडचाही त्याला उजवीकडेच ओढतो. दोन्ही बाण एकाच दिशेचे, म्हणजे बेरीज शून्य होणे शक्यच नाही. +४ च्या डावीकडे बाण विरुद्ध दिशांचे आहेत, पण तेथे मोठा प्रभार नेहमीच अधिक जवळ असल्यामुळे त्याचे पारडे जडच राहते. उरली ती −१ च्या उजवीकडची बाजू. तेथील बिंदूचे −१ पासूनचे अंतर क्ष मीटर मानले, तर ४ भागिले (०.३ + क्ष) चा वर्ग हे १ भागिले क्षच्या वर्गाइतके असायला हवे; वर्गमूळ घेतले की २क्ष = ०.३ + क्ष, म्हणून क्ष = ०.३ मीटर.

ज्यांनी वर्गमूळ न घेता पूर्ण वर्गसमीकरण सोडवले, त्यांना क्ष = −०.१ असे दुसरे उत्तरही मिळते, आणि ते नुसते खोडून पुढे जाणे मला पटत नाही. हा बिंदू दोन प्रभारांच्या मध्ये, −१ पासून १० आणि +४ पासून २० सेंटिमीटरवर आहे. तेथे दोन्ही क्षेत्रांची परिमाणे खरोखरच सारखी, प्रत्येकी ९ लाख न्यूटन प्रति कूलोम, भरतात. पण दिशा एकच असल्यामुळे ती एकमेकांना न मारता १८ लाख होतात. समीकरणाने परिमाणे सारखी असलेल्या दोन्ही जागा प्रामाणिकपणे सांगितल्या, दिशा त्याला आपण कधी सांगितलीच नव्हती.

समभुज त्रिकोणाचे उदाहरण याच जातीचे आहे. १० सेंटिमीटर बाजूच्या तीन शिरोबिंदूंवर प्रत्येकी +२ मायक्रोकूलोम असतील, तर कोणत्याही एकावर इतर दोघांची बले ३.६ न्यूटन इतकी सारखीच येतात, परंतु त्यांच्यात ६० अंशांचा कोन असल्याने परिणामी बल ७.२ नव्हे, तर सुमारे ६.२ न्यूटन असते. तिरपे घटक एकमेकांना छेदतात आणि उरते ते बल मध्यापासून बाहेर, शिरोलंबाच्या रेषेत. याच गणितात सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले, तर अंतराचा वर्ग असल्यामुळे उत्तर थेट १० हजार पटीने घसरते.

उत्तराचा अंदाज हवा तो यासाठीच. पुस्तकातील मायक्रोकूलोम बिंदुप्रभारांसाठी ठीक आहेत. प्रत्यक्षात सुमारे ३० लाख व्होल्ट प्रति मीटर (म्हणजेच तितकेच न्यूटन प्रति कूलोम) क्षेत्राला कोरडी हवा विद्युतरोधक राहत नाही आणि ठिणगी पडते, त्यामुळे १ सेंटिमीटर त्रिज्येच्या धातूच्या गोळ्यावर ३३ नॅनोकूलोमच्या आसपासच प्रभार टिकतो. असे ३० नॅनोकूलोमचे दोन गोळे १० सेंटिमीटरवर ठेवले, तर त्यांच्यातील बल केवळ ८० मिलिग्रॅम वजनाइतके भरते. १७८५ मध्ये कूलोम यांना हे बल मोजण्यासाठी बारीक तारेला पडणाऱ्या पिळाचा आधार का घ्यावा लागला, ते या आकड्यावरून मुलांना चटकन उमगते.

वजन केव्हा सोडून द्यायचे, हाही प्रश्न नेहमी येतो. स्वच्छ हवामानात जमिनीलगत सुमारे १०० व्होल्ट प्रति मीटरचे, खाली रोखलेले विद्युतक्षेत्र असते. एवढ्या सौम्य क्षेत्रातही इलेक्ट्रॉनवरचे विद्युतबल त्याच्या वजनाच्या जवळजवळ १.८ लाख कोटी पट असते, तेव्हा इलेक्ट्रॉनच्या उदाहरणात वजन निःशंकपणे सोडावे. इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजणाऱ्या मिलिकन यांच्या प्रयोगातील तैलथेंबाचे तसे नाही. १ मायक्रोमीटर त्रिज्येच्या आणि एकाच जादा इलेक्ट्रॉनच्या थेंबाला अधांतरी तोलून धरायला सुमारे २.३ लाख न्यूटन प्रति कूलोम क्षेत्र लागते, म्हणून तेथे वजनाचा बाण सर्वांत आधी काढायचा, त्याच्या विरुद्ध विद्युतबलाचा काढायचा, आणि थेंब ऋण असल्यामुळे क्षेत्राचा बाण पुन्हा खालच्या दिशेने दाखवायचा.